नवरदेवाची दाढी

"पप्पा, मानेवर काय झालं?"

"डास चावला."

"डास चावल्यावर तुरटी लावतात?"

आरशाकडे पाठ फिरवून सुभाषने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि कॉलर आणखी वर ओढली. पण सुरुचीला दिसायचं ते दिसलं होतं. हनुवटीखाली एक, मानेवर दोन. पस्तीस वर्षं गोडदेव नाक्यावरच्या सलूनमध्ये लोक ज्याच्या हातात बिनधास्त गळा देऊन झोपून जायचे, त्या माणसाने आज सकाळी स्वतःवर हात चालवून बघितला होता आणि तीनदा कापून घेतलं होतं.

हाताचं हे प्रकरण गणपतीपासून सुरू झालं. आधी बशीतला चहा सांडायला लागला. मग दाढीचं गिऱ्हाईक आलं की "जरा बँकेत जाऊन येतो" म्हणून तो उठायचा आणि दुकानातल्या कारागिराला पुढे करायचा. एवढ्या वेळा बँकेत जाणारा माणूस एव्हाना शेठ व्हायला हवा होता. डॉक्टरचं नाव काढलं की फणकारायचा, "वय झालं की हलतो हात थोडाफार. माझं डोकं खाऊ नकोस." सुरुचीची आई चार वर्षांपूर्वी गेली. त्यामुळे घरात त्याला दामटून विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

आजचं काम मात्र कारागिरावर ढकलता येणार नव्हतं. खाडीकाठच्या राई गावातल्या धाकू पाटलांच्या नातवाचं लग्न होतं. नवरदेवाची दाढी लग्नाच्या सकाळी मांडवात होते, आणि पाटलांकडे ती सुभाषच्याच घरचा माणूस करतो. सुभाषच्या वडिलांनी धाकूआजोबांची केली होती, सुभाषने त्यांच्या मुलाची. आता नातू, अल्पेश. या दाढीची अट एकच, नवरदेवाला जखम होता कामा नये. हळदीच्या अंगावर रक्त दिसलं तर बायका गाणं थांबवतात, आणि पुढे त्या घरात काहीही वाकडं झालं तरी सगळ्यांना आधी तो वस्तरा आठवतो.

"मी येऊ का तुमच्याबरोबर?" सुरुचीने विचारलं.

"डोकं फिरलंय का तुझं? आठ वाजता पूनम सागरला नवरीच्या मेकअपला पोचायचंय ना तुला?"

पोचायचं होतंच. मीरा रोडच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये सरकारमान्य सर्टिफिकेटचे दोन कोर्स होते, बार्बर आणि कॉस्मेटॉलॉजी. घेता यायचा एकच. बार्बरला कुणीही उठावं आणि फॉर्म भरावा, सगळी बॅच पोरांची. कॉस्मेटॉलॉजीची मात्र एकच जागा उरली होती आणि ती कुणाला द्यायची ते नीलिमा मॅडम आज ठरवणार होत्या. दिव्या नावाची खरी नवरी, तिचा खरा मेकअप, सुरुचीच्या हातचा आणि मॅडमच्या नजरेखाली.

हात तिचा दोन्हीकडे चालायचा. बारा वर्षांची असताना सुभाषनेच फुगा फुगवून, त्यावर साबण चोपडून तिला वस्तरा धरायला शिकवलं होतं. फुगे फुटायचे आणि बापलेक हसून बेजार व्हायचे. पुढे तिने दुपारच्या वेळी दुकानात चुलतभावांच्या दाढ्याही केल्या. पण ती वीस वर्षांची झाली आणि सुभाषने वस्तरा काढून घेतला. "हे माझ्यापर्यंतच," तो म्हणाला. "तू कॉस्मेटॉलॉजी कर."

हा शब्द त्याला नीट उच्चारता यायचा नाही, पण नाक्यावरच्या पानवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याने तो ऐकवला होता. त्याचं कारण जुनं होतं. वडील इकडे कामाला असताना लहानपणी गावाकडे तो आजोबांची पेटी उचलून घरोघर हिंडला होता. दाढी अंगणात, चहा वेगळ्या कपात, आणि तो कपही आपणच विसळून पालथा घालायचा. मुंबईकडे आल्यावर कुणी तसं वागवलं नाही, पण तो कप त्याच्या डोक्यातून गेला नाही. मुलीच्या नावाची पाटी असावी, एसी असावा, बायकांनी आधी वेळ घेऊन यावं, एवढंच त्याला हवं होतं. ऐकून ऐकून सुरुचीलाही ते गोड लागायला लागलं होतं. पाटीचा रंगसुद्धा तिने ठरवून टाकला होता, मोरपंखी.

"नीट कर. घाबरू नकोस," म्हणून सुभाष पेटी घेऊन पावणेसातला निघाला. अर्ध्या तासाने सुरुचीही मेकअपची बॅग घेऊन रिक्षात बसली.

रिक्षा गोल्डन नेस्टच्या सर्कलपर्यंत आली तशी तिला पप्पांच्या मानेवरच्या जखमा आठवल्या. स्वतःच्या मानेवर हात स्थिर राहिला नाही, तो अल्पेशच्या मानेवर कसा राहील? जागा गेली तर वर्ष जाईल. पण राईत रक्त निघालं तर पप्पा दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"भैया, घुमा लो. राई चलो."

"राई? वो तो उलटा पडेगा, मॅडम."

"पता है."

ती पोचली तेव्हा मांडवात गाणी चालू होती. पाटावर अल्पेश बसला होता, आठवड्याची दाढी वाढवून, खांद्यावर नवा टॉवेल घेऊन. समोर सुभाष उकिडवा. वस्तऱ्याला नवं ब्लेड लावून झालं होतं, पण सुभाषचं सुरू काही होत नव्हतं. "पाणी निवलं, दुसरं आणा," तो म्हणाला. ही तिसरी वाटी होती.

"काका, दाढी करताय का मला आंघोळ घालताय?" अल्पेश म्हणाला, आणि पोरं खिदळली.

सुभाष हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने साबण लावून घेतला, वस्तरा उचलला, गालाजवळ नेला आणि परत खाली घेतला. तेवढ्यात त्याला सुरुची दिसली.

"तू इथे काय करतेस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुझी नवरी?"

"पप्पा, मला द्या."

"जा तू. अजून वेळ आहे. रिक्षा कर आणि जा."

"पप्पा, द्या ना."

त्याने वस्तरा मुठीत आणखी घट्ट धरला, आणि त्यामुळे हात आणखीच हलायला लागला. आता सगळ्यांनाच दिसलं. गाणं मधेच थांबलं.

अल्पेशची आत्या सुगंधा पुढे आली. "बाईमानसानं नवऱ्याला वस्तरा लावाचा? कुनी आयकला हाय का आसा?"

धाकूआजोबा खाटेवर बसून होते. ऐंशीच्या पुढचे, डोळ्याला कमी दिसणारे. पण जे दिसायला नको होतं ते त्यांना बरोबर दिसलं होतं.

"घरचा हात लागतो," ते म्हणाले. "घर त्येच हाय. सुभास, माज्या बापसाचं हात पन असंच हालाचं. लाज कसली त्याची? दे पोरीला."

म्हातारा मायेनेच बोलला. पण सहा महिने सुभाषने जे सगळ्या जगापासून लपवलं, ते त्याने मांडवभर माणसांसमोर एका वाक्यात सांगून टाकलं. मग सुभाषने वस्तरा उलटा केला आणि मुठीकडून तिच्या पुढे धरला.

"सावकाश," तो म्हणाला. "हनुवटीवर खळी आहे त्याच्या. तिथे कातडी ताणून घे."

सुरुचीला रडू फुटलं असतं, पण हातात वस्तरा होता. तिने अल्पेशची मान हलकेच वळवली आणि कानापासून सुरुवात केली. एक गाल झाला, दुसरा झाला. ओठावर ती थांबली, श्वास सोडला, मग मिशीची कड धरली. खळीपाशी तिने अंगठ्याने कातडी ताणली आणि दोनदा हलके वस्तरा फिरवला. बाजूला बसलेला सुभाष तिच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता. तिचा हात जिथे वळायचा तिथे त्याची मान वळायची.

रक्ताचा थेंब नव्हता. धाकूआजोबांनी नातवाच्या गालावरून हात फिरवला, उलटा आणि सुलटा. "सुभासच्या बापाचा हात हाय," ते म्हणाले. बायकांनी गाणं परत उचललं.

फोन वाजला तेव्हा साडेआठ होऊन गेले होते.

"सुरुची, मी दुसऱ्या मुलीला बसवलंय," नीलिमा मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "नवरी काही थांबत नाही गं. बार्बरच्या बॅचला आहेत जागा, हवं तर बघ."

"हो मॅडम. सॉरी मॅडम."

तिने फोन ठेवला. सुभाषने सगळं ऐकलं होतं.

"गेली जागा?"

"गेली."

"पुढच्या वर्षी..." तो म्हणाला. पुढच्या वर्षी दुकान कोण चालवणार, हे दोघांनाही आता माहीत होतं. सुरुचीला मोरपंखी पाटीची आठवण आली आणि तिने ती तिथेच सोडून दिली.

सुगंधाआत्या मानाचं सूप घेऊन आली. नारळ, तांदूळ, शर्टपीस. सवयीने तिने ते सुभाषपुढे धरलं. सुभाषने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तिला द्या," तो म्हणाला. "तिने केली."

आत्या क्षणभर घुटमळली. मग तिने सूप सुरुचीच्या हातात दिलं आणि जाता जाता डोक्यावरून हात फिरवला. "जेवल्याबिगर जाव नको गो," म्हणाली. शर्टपीस पुरुषाचं होतं. सुरुचीने ते घडी न मोडता बॅगेत ठेवलं.

नवरदेवाचं झालं की घरच्या पुरुषांच्या दाढ्या होतात. अल्पेशचे वडील पाटावर येऊन बसले. मागे दोन काका, आतेभाऊ, मामा असे सातआठ जण हनुवट्या खाजवत उभे होते. सुरुची ब्लेड बदलायला वाकली. वर बघते तर सुभाषने ब्रश उचलला होता.

तो अल्पेशच्या वडिलांच्या गालाला साबण लावत होता. हात हलत होता, पण साबणाला त्याचं काही नव्हतं, फेस चांगला दाट चढत होता. कानापासून कानापर्यंत सगळं पांढरं झालं तसा तो उठला आणि एक पाऊल बाजूला सरकला.

"ये," तो सुरुचीला म्हणाला, आणि पुढच्या माणसाला खुणेने बसवून त्याच्या गालाला साबण लावायला लागला.