आधी प्रत, मग पुसणं

"आधी प्रत काढा, मग पुसा." हे वाक्य मी त्या शनिवारी दोनदा म्हणाले. पहिल्यांदा वेन्सेस्लाओने मान हलवली. दुसऱ्यांदा ब्राउलिओने ते पुरतं ऐकूनच घेतलं नाही. तिसऱ्यांदा मी म्हणाले नाही, आणि त्याचा राग अजून माझ्या मनात आहे. त्यातला थोडा माझ्या स्वतःवरचा आहे, पण सगळा नाही.

उरुग्वेतल्या पायसान्दूच्या बंदराजवळच्या वाचनालयात आम्ही लिनक्स ही संगणकाची फुकट प्रणाली वापरणारे महिन्यातून एका शनिवारी दुपारी जमतो. कोणी जुना संगणक घेऊन आलं की त्यावर लिनक्स बसवून द्यायचं, हे आमचं काम. कोणी आलं नाही की कोणाचं लिनक्स चांगलं यावर भांडायचं, हे आमचं खरं काम. डेबियन, आर्च, फेडोरा, मिंट अशा लिनक्सच्या जाती पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला आपली तेवढी शहाण्याची वाटते. वेन्सेस्लाओ टपाल खात्यातून निवृत्त झालेला, गटाचा म्होरक्या, डेबियनवाला. ब्राउलिओ पस्तिशीचा, वीज कंपनीत कामाला, आर्चवाला. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि सगळ्यांत सोपं समजलं जाणारं मिंट वापरते. त्यामुळे गटात माझी किंमत काय ते ठरून गेलेलं आहे.

त्या दिवशीही तेच चाललं होतं. माते म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा; तो ज्यातून प्यायचा तो सुकवलेला छोटा भोपळा हातोहात फिरत होता. थर्मास वेन्सेस्लाओच्या काखेत होता.

"डेबियनवाले दोन वर्षं शिळं सॉफ्टवेअर वापरतात आणि त्याला स्थिर म्हणतात," ब्राउलिओ म्हणाला. "माझे आजोबाही स्थिर आहेत. खुर्चीतून उठत नाहीत."

"तुझं आर्च दर मंगळवारी आडवं होतं. मंगळवारी तू फोन उचलत नाहीस, मला माहीत नाही का?"

"त्याला शिकणं म्हणतात, जाड्या."

"शिकणं कधी संपणार? नऊ वर्षं झाली." वेन्सेस्लाओने भोपळा भरून माझ्या हातात दिला. "आणि तू गं झुल्मा? अजून ते मावशांचं लिनक्सच का?"

"मावशांची कामं वेळेवर होतात," मी म्हणाले.

तेवढ्यात दोन्या ओतिलिया आल्या; वयस्क बाईंना आम्ही आदराने दोन्या म्हणतो. बाजाराच्या दोनचाकी गाडीत टॉवेलांत गुंडाळलेला संगणक, वर पिशवीत एक नवी कोरी डिस्क, वेष्टनही न फाडलेली. वय चौऱ्याहत्तर. बंद पडलेल्या लोकर धुण्याच्या गिरणीत त्या तीस वर्षं होत्या. गिरणी बंद झाल्यावर टेपरेकॉर्डर घेऊन सहा वर्षं त्या घरोघर हिंडल्या आणि तिथे काम केलेल्या एकशे सत्त्याऐंशी जणांना त्यांनी बोलतं केलं. भाच्याने ते सगळं संगणकात भरून दिलं. पुढे नदीला पूर आला, घरात छातीएवढं पाणी चढलं आणि टेपा गेल्या. संगणक माळ्यावर होता म्हणून वाचला.

"मला याची आणखी एक प्रत काढून हवी आहे," त्या म्हणाल्या. "एकच आहे, टेपा तर गेल्या. डिस्क मी आणली आहे."

एवढंच त्यांचं मागणं होतं. हे मी पुन्हा लिहिते, कारण नंतर सगळ्यांना ते विसरायची घाई झाली. त्या लिनक्स मागायला आल्या नव्हत्या. त्या प्रत मागायला आल्या होत्या.

वेन्सेस्लाओने संगणक सुरू केला. पडद्यावर चित्र यायलाच सहा मिनिटं लागली.

"ह्याच्यावर कॉपी करायला बसलो तर वाचनालय बंद होईल," तो म्हणाला. "दोन्या ओतिलिया, आधी स्वच्छ लिनक्स घालू. मग अर्ध्या तासात तुमची प्रत. शिवाय हा कायमचा झटपट होईल, फुकटात."

"माझ्या आवाजांना काही होणार नाही ना?"

"ते दुसऱ्या डिस्कवर आहेत. तिला आपण हातसुद्धा लावत नाही."

खरंच आत दोन डिस्क होत्या. एक छोटी, हल्लीची, जिच्यावर जुनी प्रणाली होती. दुसरी मोठी, जुन्या पद्धतीची, आत फिरती तबकडी असलेली. त्या मोठीवर आवाज होते.

"आधी प्रत काढा, मग पुसा," मी म्हणाले.

"हो गं, हो."

ब्राउलिओने पेन ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून उठवला आणि डिस्कांची यादी काढली. छोटी होती एसडीए, मोठी एसडीबी. मी स्वतः पडद्यावर पाहिलं. तेवढ्यात कीबोर्डने मान टाकली. ब्राउलिओने पेन ड्राइव्ह आणि कीबोर्ड मागच्या बाजूच्या खाचांत हलवले आणि संगणक पुन्हा सुरू केला.

इथे थोडं समजावून सांगते. ही नावं डिस्कवर कोरलेली नसतात. संगणक उठताना जी डिस्क आधी सापडते तिला पहिलं नाव मिळतं, पुढचीला दुसरं. एरवी क्रम तोच राहतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की तो तोच राहणार. तो राहील असं कोणीही कबूल केलेलं नाही. शाळेत चाचणीसाठी मी मुलांना बाटल्या देते तेव्हा चिठ्ठी बाटलीवर चिकटवते, फळीवर नाही. फळीवर चिकटवली तर कोणी बाटली सरकवली की आम्ल होतं पाणी आणि पाणी होतं आम्ल. वेन्सेस्लाओने वाचनालयासाठी लिहिलेल्या सूचनांच्या कागदात मात्र छापलेलंच आहे की एसडीए पुसावी. मी त्याला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की डिस्कचा कारखान्यातला क्रमांक बघून खात्री करायला लिही. तो म्हणाला होता, लोक घाबरतील.

"यादी पुन्हा काढ," मी ब्राउलिओला म्हणाले. "आणि आधी प्रत..."

"आत्ताच तर पाहिली, प्रोफे," तो म्हणाला; मास्तरीण म्हणून तो मला प्रोफे म्हणतो. " दोन मिनिटं झाली."

त्याने एसडीए पुसण्याची कमांड दिली आणि मागे वळून भोपळा घेतला. गप्पा पुन्हा सुरू झाल्या. बिस्किटांची पिशवी फुटली. वेन्सेस्लाओ सांगत होता की फेडोरावाले म्हणजे नवीन चप्पल घालून चिखलात जाणारे लोक. दोन्या ओतिलियाही हसल्या.

मला ऐकू आलं ते हसणं थांबल्यावर. बारीक, सलग करकर, फिरत्या डिस्कवर काही लिहिलं जाताना येते तशी. त्या पेटीत फिरत्या तबकडीची डिस्क एकच, ती मोठी. छोटीत फिरायला काही नाही. ती पुसताना आवाज येऊच शकत नाही.

मी उठले आणि भिंतीतली पिन उपटली.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" वेन्सेस्लाओ ओरडला. "काम चालू असताना अशी पिन काढतात? हे तुला कळायला नको?"

"छोट्या डिस्कला आवाज नसतो," मी म्हणाले. "मग आवाज कुणाचा होता?"

ब्राउलिओचा चेहरा उतरला. चार मिनिटं झाली होती. चार मिनिटांत पुष्कळ पुसून होतं.

यानंतरच्या पाऊण तासाबद्दल मला सगळ्यात जास्त चीड आहे. मला वाटलं होतं, कोणीतरी त्या बाईंकडे वळून बोलेल. त्याऐवजी दोघांचा वाद सुरू झाला.

"तुझ्या कागदावर एसडीए लिहिलंय," ब्राउलिओ म्हणाला.

"कागद नवशिक्यांसाठी आहे. तू स्वतःला आर्चवाला म्हणवतोस ना? डोळे कुठे होते?"

"आर्चच्या माहितीच्या पानांवर स्वच्छ लिहिलंय की या नावांवर भरवसा ठेवू नका."

"मग वाचत का नाहीस?"

"डेबियनच्या इन्स्टॉलरने दोनदा विचारायला हवं होतं."

"इन्स्टॉलर वापरलास कुठे? तुला कमांड मारायची हौस."

दोन्या ओतिलिया पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकदा याच्याकडे पाहायच्या, एकदा त्याच्याकडे. शेवटी त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"थोडा तांत्रिक घोळ," वेन्सेस्लाओ म्हणाला.

"घोळ नाही," मी म्हणाले. "आम्ही चुकीची डिस्क पुसली, दोन्या ओतिलिया. तुमचे आवाज होते ती. चार मिनिटांनी थांबवलं. सुरुवातीचं गेलं आहे. बाकीचं किती आहे ते मला माहीत नाही, शोधावं लागेल."

त्यांनी डिस्कची पिशवी गाडीत ठेवली. मग म्हणाल्या, "सुरुवातीला म्हातारी माणसं होती. मी त्यांच्याकडे आधी गेले होते. त्यांना वेळ कमी होता म्हणून."

वेन्सेस्लाओने भोपळा भरून माझ्यापुढे धरला. मी तो प्यायले, परत दिला आणि "धन्यवाद" म्हणाले. आमच्याकडे भोपळा परत देताना धन्यवाद म्हणायचं ते आता मला यात धरू नका असं सांगायला. तो समजला. मी संगणक गाडीत घातला आणि दोन्या ओतिलियांबरोबर बाहेर पडले.

पुढचे तीन आठवडे शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत बसले. पहिलं काम केलं ते त्यांच्या नव्या डिस्कचं वेष्टन फाडून जखमी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढण्याचं. शोधाशोध केली ती त्या प्रतीवर. कुठली फाइल कुठे आहे याची डिस्कची यादी तिच्या सुरुवातीच्याच भागात होती, ती पुसली गेली होती. त्यामुळे उरलेल्या पसाऱ्यातून आवाजासारखं दिसेल ते उचलत जायचं एवढंच हातात होतं. एकशे चाळीस मुलाखती मिळाल्या. सत्तेचाळीस मिळाल्या नाहीत. मिळाल्या त्यांना नाव नाही, तारीख नाही, नुसता आकडा.

दोन्या ओतिलिया रोज चारला यायच्या. हेडफोन लावायच्या आणि बहुतेक वेळा माणूस बोलायच्या आधीच नाव सांगायच्या.

"हा एलाद्यो. बोलण्याआधी खुर्ची पुढे ओढतो." मग दुसरी. "ही फेर्मिना, लोकर निवडायची. मागे कुत्रं आहे बघ." एकाला मात्र त्यांनी तीनदा ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. "हा मला ओळखू येत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याच्या घरी जाऊन मी बसले तो माणूस, आणि मला ओळखू येत नाही." तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

तिसऱ्या आठवड्यात वेन्सेस्लाओचं गटाला ई-मेलवर पत्र आलं. 'एकशे चाळीस मुलाखती आपल्या गटाने यशस्वीरीत्या वाचवल्या. धडा : वापरणाऱ्यांनी आपल्या माहितीची प्रत नेहमी काढून ठेवावी.' खाली टाळ्यांची चित्रं टाकून अकरा जणांनी उत्तरं दिली होती.

मी ते दोनदा वाचलं. मी सहसा पत्रांना उत्तर देत नाही. या वेळी एक ओळ लिहिली : 'पुढच्या शनिवारी दोन्या ओतिलिया येणार आहेत. हे वाक्य त्यांच्यासमोर मोठ्याने वाच.'

शनिवारी वाचनालयात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. कोणीही कुठल्याही लिनक्सचं नाव काढलं नाही. वेन्सेस्लाओने दोन्या ओतिलियांना खुर्ची दिली आणि घसा साफ केला.

"झुल्मा रागावली आहे," तो म्हणाला. "पण नियम म्हणून ते वाक्य बरोबर आहे. प्रत असायलाच हवी."

"त्या प्रत काढायलाच आल्या होत्या," मी म्हणाले. "डिस्क घरून घेऊन. आपण त्यांना थांबवलं. नंतर पुसलं. आणि आता आपण त्यांना धडा शिकवतोय. एवढं सगळं तू एका ओळीत कसं बसवलंस, ते मला समजून घ्यायचं आहे."

ब्राउलिओ उठला, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "दोन्या ओतिलिया, कमांड मी दिली. पुन्हा बघ म्हणून सांगितलं होतं, मी बघितलं नाही. माझी चूक आहे."

"हो," त्या म्हणाल्या. 'असू दे' म्हणाल्या नाहीत.

वेन्सेस्लाओ कागदावर पेन फिरवत राहिला. मग त्याला एक तोड सुचली आणि त्याचा चेहरा उजळला. "असं करू. गेलेली सत्तेचाळीस माणसं काय म्हणाली ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही सांगा, आम्ही रेकॉर्ड करू. चांगला मायक्रोफोन आणतो. पुन्हा एकशे सत्त्याऐंशी पूर्ण."

"नाही," दोन्या ओतिलिया म्हणाल्या.

"का? तुम्हाला तर सगळं तोंडपाठ..."

"ते माझं सांगणं होईल. त्यांचं नाही. सेवेरोच्या फुप्फुसात लोकर गेली होती, तो तीन शब्दांनंतर थांबायचा. मी ते सलग सांगितलं की ते खोटं झालं." त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. "तुमच्या गटाचा अहवाल निघतो ना दर वर्षी? झुल्मा म्हणत होती. त्यात एकशे चाळीस लिहिणार आहात?"

"हो, म्हणजे, तेवढ्या वाचवल्या..."

"मग सत्तेचाळीसही लिहा. नावं मी सांगते. माझ्याकडे अठ्ठेचाळीस उरली आहेत. सापडलेला पण मला ओळखू न आलेला तो माणूस यांच्यातलाच एक असणार. पुढे त्यांनी काय सांगितलं ते लिहायचं नाही. ती जागा मोकळी ठेवायची. आणि ती कुणी मोकळी केली ते वर लिहायचं."

वेन्सेस्लाओने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत राहिले. शेवटी त्याने थर्मास खाली ठेवला आणि संगणक जवळ ओढला.

"सेवेरो इत्सुरिआगा," दोन्या ओतिलिया म्हणाल्या. "बॉयलरवर. लिही."

त्याने लिहिलं. त्या थांबल्या, त्याची बोटं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पुढचं नाव सांगितलं.