वकिलाच्या कोटावरचं रफू

तिने अंगठ्याने बाबांची पापणी वर धरली आणि औषधाचा थेंब सोडला. उजवा डोळा. डावा आतल्या सुजेने कधीच गेला होता.

"डॉक्टर विचारतील, सिगरेट बंद आहे ना?"

"बंदच आहे. आणि मी काय डोळ्यांनी ओढत होतो?"

ती हसली नाही. धुरामुळे सूज पुन्हा पुन्हा उसळते, पडद्यात पाणी साचतं, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. उद्या या डोळ्यात इंजेक्शन होतं. ते टाळलं तर हाही जाणार होता.

बाबांनी डोळा टिपला, चाचपत खुंटीवरचा तपकिरी कोट काढला आणि तिच्या मांडीवर टाकला.

"वकिलाचा आहे. बाहीला भोक होतं. शोध बघू."

हा त्यांचा जुना खेळ. रफूसाठी बाबांनी कधी विकतचा दोरा आणला नाही. ज्या कपड्याला भोक, त्याच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायचे, म्हणजे रंग चुकत नाही. लहानपणी ती शोधून शोधून रडकुंडीला यायची आणि आई म्हणायची, "बाप जादूगार आणि पोर आंधळी."

आज शोधावं लागलं नाही. कोपराखाली हिरवा ठिपका होता. शेजारच्या खुंटीवर एका बाईंचा हिरवा कोट लटकत होता, त्याचे धागे. वीण बिनचूक होती. कडेला मात्र जळकी काळी रेघ सुटली होती. वकिलांकडून कोट तिनेच घेतला होता. तेव्हा बाही धड होती. फक्त एक बटण लावायचं होतं.

"सापडलं?" बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते.

"नाही."

"सापडणारच नाही!" ते एकदम उठले. "म्हणजे डोळा सुधारला. उद्याचं रद्द कर. डोळ्यात सुई म्हटलं की अंगावर काटा येतो माझ्या." बटणांच्या डब्यातून त्यांनी सिगरेटचं पाकीट काढलं. "आता खरं सांगतो, सुटली नव्हती. तरी सुधारलाच ना? डॉक्टरांचं काय घेऊन बसलीस!"

त्यांनी काडी ओढली. ती सिगरेटच्या टोकापासून दोन बोटं बाजूला जळत राहिली.

तिने फुंकर मारली.

"बाबा, दोरा हिरवा आहे."

"कुठला?"

"रफूचा. त्या बाईंच्या कोटाचा."

तोंडातली सिगरेट त्यांनी काढून टेबलावर ठेवली. कोट घेऊन ते खिडकीशी गेले. बोटाला जागा लगेच सापडली. मान तिरकी करून त्यांनी बाही नाकाशी धरली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली.

"शेवाळी असेल. तपकिरीत खपून जातो."

"पोपटी आहे."

त्यांनी बाही खाली सोडली.

"ते इंजेक्शन," त्यांनी विचारलं, "आजच नाही का देणार?"