सुतारपक्ष्याचे नऊ दिवस

अठरा खंड, सतरा हजारांवर नोंदी, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात तिचे नाव एकदाच छापले गेले होते. अठराव्या खंडाच्या अकराशे बासष्टाव्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत: ‘शुद्धिपत्राचे संकलन’, आणि पुढे ती. त्यापुढे एक कोरे पान आणि मग पुठ्ठा.

घरी कोणी आले की तिची थोरली बहीण, अक्का, चहाच्या आधी ते पान उघडून समोर धरी. “भिंग घ्या,” ती म्हणे. “आमची धाकटी फार मोठी आहे. दिसते तेवढी बारीक.”

तेहतीस वर्षे ती कोशाच्या कचेरीत संपादन सहायक होती. विद्वान नोंदी लिहीत, मुख्य संपादक त्यांवर सही करीत, आणि ह्या दोन प्रतिष्ठित हातांच्या मधल्या अंधारात ती एकेक आकडा, एकेक सन, एकेक नदीचा उगम पडताळून पाहत असे. तिच्या हातून काय सुधारले गेले ह्याचा उल्लेख कुठेच नव्हता. वेळेवर सुधारलेली चूक जगाच्या लेखी कधी घडलेलीच नसते. जे नजरेतून सुटले, छापून गेले आणि मागाहून सापडले, तेवढे शुद्धिपत्रात आले. एक हजार दोनशे चौदा ओळी. छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार तिला खोडरबर म्हणत आणि तिला ते आवडे. दुसऱ्याचे पुसता पुसता झिजून जाते ती वस्तू कोणती, हे तिने त्या वयात मनावर घेतले नव्हते.

निवृत्तीला नऊ वर्षे झाली आणि कोशमंडळाच्या संचालकांचा फोन आला. संचालक म्हणजे मुख्य संपादकांचे चिरंजीव; वडील जाऊन दशक लोटले, स्वतःची पन्नाशी उलटली, तरी कचेरीत अजून ‘धाकटे साहेब’.

“बाई, कोश संगणकावर चढतोय. सगळेच्या सगळे खंड. कुठूनही, कुणीही, फुकट वाचावेत.”

“आणि छापील?”

“छापील कोण उचलतो आता? ग्रंथालयं आम्हालाच परत पाठवताहेत. रद्दीवाल्याशी बोलणं चालू आहे म्हणा ना.” मग आवाज मऊ झाला. “पण तुमचं शुद्धिपत्र मूळ मजकुरात घालायचंय. जिथली चूक तिथेच दुरुस्त. प्रत्येक ओळ पुन्हा पडताळून. हे तुमच्याशिवाय कोण करणार?”

हे शेवटचे वाक्य तिने तेहतीस वर्षांत कधी ऐकले नव्हते. ती लगेच हो म्हणाली.

“एकोणसत्तराव्या वर्षी पुन्हा डबा?” अक्का म्हणाली. “जन्मभर माणसांच्या चुका निवडल्यास, आता यंत्राच्या निवड.” पण डबा भरताना तिचे हात थांबले. “काय गं, मग तुझं नाव फोनवरसुद्धा दिसेल? लेकीला सांगते. ती तिकडे परदेशात दहा जणांना दाखवील. बोटांनी ताणलं की अक्षर मोठं होतं म्हणे.”

“दिसेल की,” ती म्हणाली.

ज्या खोलीत एके काळी मुद्रितांच्या ओल्या कागदांचा वास कोंडलेला असे, तिथे आता सहा पडदे होते आणि खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता. संगणकाचे काम पाहणारी बाई दोन मुलांची आई होती. एका कानाला फोन लावून ती घरी अभ्यास घेई आणि दुसऱ्या हाताने कोश सांभाळी. तिने पहिल्याच दिवशी सगळे समजावले. डावीकडे नोंद, उजवीकडे शुद्धिपत्र. चूक दुरुस्त करायची, खालचे बटण दाबायचे, की शुद्धिपत्रातली ती ओळ आपोआप नाहीशी होई.

“किती छान ना, काकू? काम संपत चाललेलं दिसतं.”

दिवसाला दहा-बारा ओळी होत. एका तलावाची खोली, एका राणीचे राज्यारोहण, एका धातूचा वितळबिंदू. प्रत्येक चुकीशी तिची जुनी ओळख होती. काहींच्या मागे वाचकांची पत्रे होती, कारण अठरावा खंड निघाल्यापासून दहा-बारा वर्षे पत्रे तिच्याच नावाने येत. कोणी खडसावी, कोणी पुरावे जोडी. एका निवृत्त मास्तरांनी लिहिले होते, ‘आपणांस ज्यांनी शिकवले त्यांच्याकडून फी परत मागावी.’ ती प्रत्येकाला पोस्टकार्डाने उत्तर देई आणि पत्रे जपून ठेवी. प्रसिद्धी म्हणजे बहुधा हीच, असे तिला वाटे. माणसे आपल्याला ओळखतात, निदान ओरडायला तरी.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी शुद्धिपत्राचे पहिले पान पडद्यावरून गेले.

“अगं, पान कुठे गेलं?”

“रिकामं झालं ना, काकू. रिकामं पान ठेवत नाही. मिटतं आपोआप.”

“आणि शेवटचं?”

“तेही. सगळ्या दुरुस्त्या झाल्या की शुद्धिपत्र हवं कशाला?”

“त्याच्या तळाशी एक ओळ आहे.”

संगणकवालीने पान वर सरकवले, डोळे बारीक केले. “अय्या, हे तुमचं नाव? आधी का नाही सांगितलंत?” मग तिचा चेहरा उतरला. “पण ते पानालाच जोडलेलं आहे. पान गेलं की तेही जाणार. तुम्ही साहेबांना सांगा ना, श्रेयनामावलीत घालतील. दोन मिनिटांचं काम आहे.”

धाकटे साहेब उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांच्या टेबलावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी होती आणि पाटीचे तोंड येणाऱ्याकडे होते. त्यांनी तिचे म्हणणे मान हलवत, मध्ये न बोलता ऐकून घेतले. नाही म्हणायचे आधीच ठरवलेला सभ्य माणूस असाच ऐकतो.

“बाई, नामावली बाबांनी स्वतः पक्की केलेली. मंडळ आणि लेखक. सहायक घेतले तर टंकलेखक आले, मग शिपाई, मग चहावाला. शेपूट तोडायचं कुठे?”

“चहावाल्यानं बाराशे चुका काढल्या नाहीत, साहेब.”

ते मोकळेपणाने हसले. “तुम्ही अजून तशाच आहात! अहो, तुमचं काम पानोपानी आहे. नावाचं काय घेऊन बसलात?”

जिना उतरताना तिने ते वाक्य दोनदा मनात वाचले. चूक सापडली नाही, आणि म्हणून अधिकच राग आला.

सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला एक ओळ उरली. तिने मुद्दाम उरवली होती, हे खरे तर पाच आठवड्यांपूर्वीच ठरले होते. सतराव्या खंडातून जाताना तिच्या बोटाने ती ओळ ओलांडली आणि ती बोटाला काही बोलली नाही. खंड सतरा, पृष्ठ चारशे आठ, ‘सुतारपक्षी’. अंडी उबवण्याचा काळ ‘२१ दिवस’ ऐवजी ‘१२ दिवस’ वाचावा. आकड्यांची अदलाबदल. खूप पारखून तिने ही चूक निवडली होती. औषधाची मात्रा नव्हती, युद्धातल्या मृतांची संख्या नव्हती. कोणाचे काही बिघडणार नव्हते. ही एक ओळ राहील तोवर पान राहील, आणि पान राहील तोवर तळ.

“काकू, एकच शिल्लक दाखवतंय.”

“मूळ ग्रंथ मिळत नाहीये. पडताळल्याशिवाय कसं घालू?”

मूळ ग्रंथ तिच्या मागच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर होता.

त्या संध्याकाळी अक्काने विचारले, “दिसलं का नाव?”

“दिसतंय.”

“लेकीला कळवू?”

“सगळ्यांना खुलं झालं की कळव. आता आठ-पंधरा दिवस.”

आयुष्यभर खोट्याच्या मागावर फिरलेल्या बाईला खोटे बोलणे इतके सोपे जाईल, असे तिला वाटले नव्हते. अवघड होते ते दुपारी, कचेरीत, काम संपवून रिकामे बसताना. मग तो पक्षी येई. पोखरलेल्या खोडातल्या काळोखात तो अंड्यांवर बसलेला असे. बारा दिवस भरून गेलेले असत, कवचाच्या आतून चोच लागत असे, आणि तरी कोशात लिहिले आहे म्हणून पिल्लांना बाहेर यायची मुभा नसे. वीस वर्षे त्या जातीची सगळी पिल्ले नऊ दिवस उशिरा जन्मत आली होती. वीस वर्षे ती चूक होती. आता तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या परवानगीने, ती लबाडी झाली होती. पण मग तिला तळाची ओळ आठवे, मुख्य संपादकांचा तो दिवस आठवे. “बाई, तुमच्या नावासाठी मंडळाशी भांडलो,” ते म्हणाले होते, आणि तिने पदरच्या पैशांनी सगळ्या कचेरीला चहा पाजला होता. एक पक्षी नऊ दिवस थांबेल, ती स्वतःला सांगे. मी तर तेहतीस वर्षे थांबले.

कोश खुला झाला त्या दिवशी सकाळी संगणकवाली खुशीत होती. मंडळाची जुनी कागदपत्रेही, सभांच्या इतिवृत्तांसकट, तिने रात्रंदिवस खपून वर चढवली होती.

“काकू, आता काय वाटेल ते शोधा. शब्द टाकला की जिथे जिथे असेल तिथून काढून आणतं. थांबा, तुमचंच नाव टाकते.”

“माझं कशाला?”

“बघू तर! कोशात आहात ना तुम्ही?” तिने टाकले. “दोन! बघा, दोन ठिकाणी आहात!”

दोन. म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, आणखी एकदा तिचे नाव लिहिले होते. पहिले ठिकाण तिला ठाऊक होते. दुसरे तिने स्वतः उघडले.

मंडळाच्या सभेचे इतिवृत्त होते, टंकलिखित, अठरावा खंड छापायला जाण्याच्या महिनाभर आधीचे. ती सभा तिला आठवली. एरवी इतिवृत्त तीच लिही. त्या दिवशी मात्र मुद्रिते देण्याचे निमित्त करून तिला छापखान्यात पाठवले होते. विषय सातवा.

‘शुद्धिपत्र बरेच मोठे झाले असून त्याखाली मंडळाचे नाव असणे इष्ट नाही. संकलक म्हणून कार्यालयीन सहायक’ (इथे तिचे नाव होते, आडनावासकट, अचूक) ‘यांचे नाव घालावे. म्हणजे चुकांविषयीचा पत्रव्यवहार परस्पर त्यांच्याकडे जाईल व मंडळाच्या प्रतिष्ठेस बाध येणार नाही. सूचक : मुख्य संपादक. सर्वानुमते मंजूर.’

संगणकवालीने तिच्या खांद्यावरून वाचले आणि घरून आलेला फोन न घेताच बंद केला. “काकू, जुन्या गोष्टी आहेत हो,” ती म्हणाली.

निवृत्त मास्तर, खडसावणारे, पुरावे जोडणारे, ती सगळी पत्रे. तिने पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेली ती सगळी कीर्ती. आणि तो चहा. चहाचे तिला सर्वांत जास्त लागले. सूचकांनी त्या दिवशी दोन कप घेतले होते.

ती उठली. मागच्या कपाटातून, दुसऱ्या फळीवरून, पक्ष्यांवरचा ग्रंथ काढला, पान उघडले आणि आकड्यावर बोट ठेवले. नियम म्हणजे नियम. पडताळल्याशिवाय एकही दुरुस्ती तिने कधी घातली नव्हती. अकरा ते चौदा, सरासरी बारा. मग सतरावा खंड पडद्यावर आणला, एकवीसचे बारा केले आणि बटण दाबले.

ओळ गेली. क्षणभर पान तसेच राहिले, पांढरे, तळाशी तेवढे तिचे नाव. मग तेही मिटले.

“आता पुन्हा शोध,” ती म्हणाली.

“काकू...”

“शोध गं.”

एक. विषय सातवा.

संगणकवालीने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “हे पण काढून टाकू का? एका बटणाचं काम. साहेबांच्या बापाला कळणार नाही.” मग काय बोललो हे लक्षात येऊन तिने जीभ चावली.

तिला हसू आले, फार दिवसांनी. चष्मा पुसून तिने ते पान मुद्रित तपासावे तसे पुन्हा वाचले, ओळीखाली पेन्सिल धरून. तारीख बरोबर होती. विषय क्रमांक बरोबर होता. उपस्थितांची नावे, सूचक, सह्या. तिच्या नावातली वेलांटीसुद्धा, जी पगारपत्रकावर जन्मभर चुकत आली, इथे बरोबर होती.

“राहू दे,” ती म्हणाली. “यात चूक नाही.”

जिन्यात असतानाच अक्काचा फोन आला. “अगं, खुलं झालं म्हणे! लेक विचारतेय कुठे बघायचं, कितवं पान?”

ती कठड्याला धरून उभी राहिली. खाली गोदामाच्या दाराशी हातगाडीवर खंड चढवले जात होते. पाठीवर सोनेरी आकडे, उलटसुलट, क्रमाशिवाय.

“पान नको सांगूस,” ती म्हणाली. “माझं पूर्ण नाव टाक म्हणावं. एकच निघेल. वाचून झालं की मला फोन कर.”