हळदकुंकवाची पेटी

विश्वेश्वरनं डाव्या हातानं रेडिओचं बटण फिरवलं, खरखर जराशी कमी झाली आणि राजाजीनगरातल्या त्या पुढच्या खोलीत चंद्राची बातमी आली. माणूस उतरला होता. विश्वेश्वरच्या बायकोनं, वसुमतीनं कॉफी आणली, नवऱ्याचा पेला नेहमीसारखा डावीकडे ठेवला आणि ती आत गेली. शेषगिरीनं मान वळवली. धाकट्या भावाच्या उजव्या हाताला तीन बोटं नव्हती, आणि इतकी वर्षं तो त्या हाताकडे बघायचं टाळत आला होता.

"अण्णा, तिथली जमीन भक्कम आहे म्हणे."

"ते ठाऊकच होतं की. आधी नुसती यंत्रं उतरवली. त्यांनी कळवलं, मग माणूस पाठवला."

शेषगिरी बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लागलं.

त्यानंही एकदा यंत्र पाठवलं होतं. वरच्या हवेतली थंडी मोजणारी पेटी, फुग्याला बांधलेली. ती शहराबाहेर, येलहंक्याच्या पलीकडे रागीच्या शेतात पडली. आभाळातून आलेली वस्तू म्हणून गावकऱ्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, वर नारळ फोडला. आतल्या कागदावर थंडी अंदाजाच्या कितीतरी पलीकडची उमटली होती. शेषगिरी पोट धरून हसला. नारळाचं पाणी शिरून यंत्र बिघडलं, असं सांगून मोकळा झाला. दुसरी पेटी करत बसायचा त्याला कंटाळा होता. आता माणूसच वर जाऊन पाहून येईल, हे त्यानंच कचेरीतल्या साहेबांच्या गळी उतरवलं. विमान घेऊन विश्वेश्वर गेला, साधे हातमोजे घालून. थंडी पेटीनं सांगितली तेवढीच निघाली, आणि तीन बोटं गोठून गेली.

घरात हे तो कधी बोलला नव्हता. आज त्याला गप्प बसवेना.

"विश्वा, त्या पेटीत पाणी गेलंच नव्हतं रे. कागद कोरडा होता. हसण्याच्या नादात मी तिकडे लक्षच दिलं नाही."

विश्वेश्वरनं रेडिओचा आवाज कमी केला.

"माहीत आहे. जायच्या आधी मी ती उघडून बघितली होती. आत स्वल्पसुद्धा ओल नव्हती."

शेषगिरीनं पेला खाली ठेवला.

"मग तसाच का गेलास?"

विश्वेश्वरला त्या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं.

"पेटी तू केलेली, अण्णा. तू बिघडलीय म्हणालास. मी सरी म्हटलं, बरं म्हटलं."