काठावरचे कडे

माघातली संध्याकाळ. ज्वारीच्या ताटांवरून ऊन उतरते, आणि उतरता उतरता कणसाकणसावर क्षणभर रेंगाळते. काळ्या मातीचे मंगळवेढे, सपाट, विशाल, वृक्षविरळ. इथे आभाळाला अडवणारे काहीच नाही. पश्चिमा आधी केशरी होते, मग गुलबक्षी, मग जांभूळवर्णी. आणि त्या वर्णसरोवरात आधी उजळतो तेजःपुंज शुक्र, आणि त्याच्या खाली, हळूच, जणू परवानगी मागत, पिवळसर, मंदगामी शनैश्चर.

लोक शनीला तेल वाहून लांब ठेवतात. शैलजा त्याला घरात आणायला निघाली होती.

शैलजा म्हणजे कोष्टी गुरुजींची थोरली लेक. वय अठ्ठेचाळीस, लग्न केले नाही, नगर वाचनालयात पुस्तके देते-घेते. आणि कोष्टी गुरुजी म्हणजे भूगोल. अडतीस वर्षे भूगोल, अडतीस वर्षे लाल पेन्सिल. त्या पेन्सिलीच्या टोकातून काट सहज उतरे. 'बरोबर' हा शब्द मात्र वर्षाकाठी दोन-तीन वह्यांच्या नशिबी येई. शैलजाच्या वहीच्या नशिबी तो कधीच आला नाही. लेकीला झुकते माप दिले असे कुणी म्हणू नये, म्हणून तिच्या वाट्याला जरा जास्तच कोरडे माप आले.

सहावीत तिने नद्यांचा नकाशा काढला होता. भीमा गडद निळी, माण तिच्याहून फिकी, वळणावळणाला वळण देत, श्वास रोखून काढलेली. गुरुजींनी तो वर्गापुढे धरला. क्षणभर तिला वाटले, आता तो शब्द येणार. "नक्कल," ते म्हणाले. तिने रडत सांगितले, कच्ची वही घरी आहे, तीत सगळे आहे. "नक्कल करणारा नेहमी म्हणतो, वही घरी राहिली." सगळा वर्ग हसला. घर तर दोघांचे एकच होते. पण त्या संध्याकाळी गुरुजींनी ती वही मागितली नाही, आणि तिनेही दाखवली नाही.

आता गुरुजी खाटेला खिळले होते. पायांना सूज, छातीत पाणी, बुद्धी मात्र धार लावल्यासारखी लखलखीत. डॉक्टर होळीपर्यंतची भाषा बोलत होते. एका तिन्हीसांजेला त्यांनी लेकीला हाक मारली.

"शैला, शनी दाखव मला. तू स्वतः काढलेला. यंदाचाच."

एवढेच. यंदाचाच का, ते त्यांनी सांगितले नाही. प्रश्नात उत्तर देण्याची खोड त्यांना आयुष्यभर नव्हती.

शैलजाला शनीशी काही देणेघेणे नव्हते. तिला एक शब्द हवा होता. होळीच्या आत, त्या तोंडून, तो एकच शब्द.

म्हणून पुण्याहून सहा इंची दुर्बीण आली, आणि शैलजाच्या संध्याकाळी गच्चीवर गेल्या. "शनीला कुणी घरात बोलवतंय का, वन्सं?" भावजय सुनंदा खालून ओरडली. "तेल घालून वाटंला लावत्यात त्याला!" शैलजा हसली. बऱ्याच वर्षांनी ती अशी हसली होती.

आणि मग सुरू झाली ती चिमुकली, चिवट तपश्चर्या. दुर्बिणीच्या डोळ्याला फोनचा डोळा लावायचा, पट्ट्याने आवळायचा. ग्रह सापडतो न सापडतो तोच पृथ्वी फिरते आणि तो चौकटीबाहेर निघून जातो. पुन्हा शोधायचा, पुन्हा धरायचा. पहिल्या दिवशी नुसता पांढरा ठिपका. दुसऱ्या दिवशी थरथरता डाग. गावातल्या चुलींची, तापल्या पत्र्यांची हवा मध्ये नाचत होती. मग ती शिकली, उजेड कमी करायचा, दोन मिनिटांचे चित्रण करायचे, आणि त्या हजारो चौकटींतून स्थिर तेवढ्या निवडून संगणकावर एकावर एक रचायच्या. म्हणजे हवेचे नाचणे विरते, आणि धुक्यातून माणूस यावा तसा ग्रह पुढे येतो.

रथसप्तमीच्या संध्याकाळी तो आला. पीतवर्णी, शांत, सुवर्तुळ. आणि त्याच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपलीकडे, आरपार, एक रेघ.

कडे नव्हते. लहानपणापासून प्रत्येक पुस्तकात पाहिलेले ते रुंद, कललेले, राजस कडे नव्हतेच. होता तो एक गोळा, आणि त्या गोळ्यावरून ओढलेली बारीक, सरळ, निष्ठुर रेघ. शैलजा बघत राहिली. ही रेघ तिच्या ओळखीची होती. चुकलेल्या गणिताच्या उत्तरातल्या शून्यावर लाल पेन्सिल मारते, ती काट. आपले काहीतरी चुकले आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका आली नाही. सवयच होती तशी.

तिने ते चित्र पुसले.

दुसऱ्या संध्याकाळी तीच रेघ. तिने आरसा जुळवला, भिंग बदलले, फोन पुन्हा आवळला. तीच रेघ. अकरा संध्याकाळी तिने शनी धरला, आणि अकरा संध्याकाळी तो काट मारून तिच्या हाती आला. दर वेळी ती फोनवरचे, संगणकावरचे सारे पुसे. पुसलेले जिथे साठते तेही रिकामे करी, चुलीतली राख सुपात भरून उकिरड्यावर टाकावी तसे. वाचनालयात बसून ती जगाला पुस्तके काढून देत होती. स्वतःच्या प्रश्नासाठी एकही उघडावे असे तिला सुचले नाही. काखेत कळसा, आणि कळसा तिने विहिरीत टाकला.

तोवर शनी रोज थोडा खाली, थोडा खाली, मावळतीच्या उजेडात बुडू लागला. मग एका संध्याकाळी तो दिसेनासाच झाला. आणि अप्पांचा, म्हणजे गुरुजींचा, श्वास रोज थोडा आखूड.

महाशिवरात्रीच्या दिवशी तिने कुणा परक्याचे चित्र फोनवर उतरवून घेतले. रुंद, झळाळते, निर्दोष कडे. आपल्या हातचे वाटावे म्हणून तिने ते किंचित धूसर केले. तेवढे करताना तिने दोनदा फोन खाली ठेवला, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे.

दिवेलागणीला ती खाटेशी बसली. अप्पांनी फोन नाकाजवळ नेला. त्यांच्या निस्तेज डोळ्यांत तो प्रकाश उतरला, आणि तिने श्वास रोखला, नकाशा काढताना रोखला होता तसाच.

"कडं रुंद आलंय," ते म्हणाले.

"होय, अप्पा."

"कधी काढलंस?"

"झाले की आठ-दहा दिवस."

फोन त्यांनी पांघरुणावर पालथा ठेवला.

"तव्यावरची भाकरी काठाकडनं बघितली तर काय दिसतं, शैला? रेघ. दर पंधरा वर्षांनी शनी आपल्याकडं काठ करतो. यंदा त्याला कडं नाही, नुसती रेघ आहे. मागच्या चार खेपांना माझ्याकडं दुर्बीण नव्हती. मी ती रेघ बघायला थांबलोय."

"अप्पा, होती! रेघच होती! अकरा दिवस रेघच येत होती. मला वाटलं माझंच चुकलं. मी... मी पुसली, अप्पा."

अप्पा हसले. ते हसणे फार बारीक होते.

"नक्कल करणारा नेहमी म्हणतो," ते म्हणाले, "वही घरी राहिली."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

ती धावत गच्चीवर गेली. पश्चिमा केशरी, मग गुलबक्षी, मग जांभूळवर्णी; शुक्र होता, उद्दाम, दिमाखदार. त्याच्या खाली कोणी नव्हते. तिने दुर्बीण उजेडात रोखली, आणि दुर्बिणीने तिला उजेडच दाखवला. दुसऱ्या दिवशी उजेड. तिसऱ्या दिवशी उजेड. खाली अप्पांनी पाणी मागितले, औषध मागितले, उशी मागितली. शनी पुन्हा मागितला नाही.

होळीच्या आदल्या दिवशी पहाटे ते गेले. चेहरा भिंतीकडेच होता. बायाबापड्यांनी तो सरळ केला.

तेराव्याला घर भरले. सुनंदाने मोठ्या कौतुकाने फोन पंगतीत फिरवला. "वन्संनी सोता काढलाय बघा. मामंजींला शेवटी दावला." फोन या हातातून त्या हातात गेला, कुणी जिलबीची बोटे धोतराला पुसून तो धरला, कुणी कपाळाला लावला. गुरुजींच्या शाळेतले जुने सहकारी, गणिताचे मेतकुटे मास्तर, चष्मा वर करून चित्राकडे बघत राहिले, आणि भरल्या पंगतीत, खणखणीत आवाजात म्हणाले:

"बरोबर! अगदी पुस्तकातल्यासारखा!"

शैलजाच्या हातातला वाढायचा चिमटा तसाच राहिला. मग तिने त्यांना आणखी एक जिलबी वाढली.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली. ज्वारी काढून झाली होती. रान उघडे, करडे, निःशब्द पडले होते. दुर्बिणीवर धूळ होती. पश्चिमा केशरी झाली, मग गुलबक्षी, मग जांभूळवर्णी. आणि तिथे, त्या उजेडाच्या पलीकडे, सूर्याच्याही पलीकडे, कुणाच्याच डोळ्यांना न दिसणारा तो मंदगामी चालला होता: पिवळा, वाटोळा, एकाकी, अंगावर आरपार एक रेघ, बारीक रेघ, सरळ रेघ, खरी रेघ, आणि ती तपासायला कोणी उरले नव्हते.