वरच्या मजल्याचं बटण

माझ्या प्रिंटरला कायतरी लागलंय, असं आमच्या सासूबाई अख्ख्या कुळगावात सांगत होत्या. लागलंबिगलं काही नव्हतं. माझा धंदा बसला तर बरं, असं वाटणारी माणसं घरातच होती आणि मला तीच पुरेशी होती.

मी जिज्ञासा. आमच्या बंगल्यात खालच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंगचं दुकान होतं. कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, लग्नाचे बायोडेटा, पूजेची आमंत्रणं, सगळं करायचे. चांगलं चालत होतं. तेवढ्यात माझ्या दिराला, कल्पेशला, प्लॉट विकायचं ऑफिस काढायची हुक्की आली. आणि ऑफिस कुठे, तर माझ्या खोलीत. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. जेवायला बसल्यावर सासरे भात कालवता कालवता म्हणाले, "तुझं मशीन वर ने गो. खाली आता कल्पेश बसंल."

"आणि माझी गिऱ्हाइकं?"

"परकी माणसं वर नाय चढणार."

आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात. त्यांना म्हटलं, तुम्ही काहीतरी बोला. तर म्हणाले, "ॲडजस्ट कर ना जरा." हा शब्द आमच्या घरात फक्त बायकांसाठी वापरतात.

बरं, केलं ॲडजस्ट. पण माझ्या पद्धतीनं. कॉम्प्युटर वर नेला आणि प्रिंटर खालीच, दाराशी ठेवला. काम खाली घ्यायचं, टाइप वर करायचं, कागद खाली निघणार. मधे वायर टाकायची तर नव्या टाइल्सना कुणी भोक पाडू देईना. म्हणून उल्हासनगरला जाऊन वायरलेस प्रिंटर घेऊन आले आणि त्याचा राउटर वर माझ्या टेबलावर बसवला. दुकानातले शेठ म्हणाले, "फिकर मत करो बेटी, वायर का झंझटच नाही." सासऱ्यांनी हे सगळं बघितलं आणि निकाल दिला. अक्षय तृतीयेला कल्पेशच्या ऑफिसचं उद्घाटन. त्या दिवशी माझं मशीन चाललं तर पुढे चालवायचं. नाही चाललं तर विकून टाकायचं आणि मी गपगुमान घर बघायचं.

पहिल्या दिवशी मशीन मस्त चाललं. दुसऱ्या दिवशी वरून प्रिंट दिली तर खाली ढिम्म. स्क्रीनवर म्हणे प्रिंटर ऑफलाइन. सीडी टाकून सगळं परत बसवलं, प्रिंटर बंद करून चालू केला, तर चाललं. दुपारचं लोडशेडिंग होऊन लाइट आली, की पुन्हा बंद. कल्पेश खुर्चीत गोल गोल फिरत म्हणायचा, "वहिनी, भिंत जाड आहे, सिग्नल येत नाही. सोडा ना आता." सोडा काय सोडा? भिंत रोज जाड होते आणि रोज बारीक होते का? मला असला राग आला की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

प्रिंटरवर एक बटण आहे. ते दाबून धरलं की तो स्वतःची माहिती छापतो. तो चालायचा तेव्हाही मी ते पान काढलं आणि बंद पडायचा तेव्हाही काढलं. चालायचा तेव्हा त्याचा नेटवर्कचा नंबर राउटरच्या नंबराला जुळणारा असायचा. बंद पडला की भलताच कुठला तरी. म्हणजे प्रिंटर धडधाकट होता, त्याची आणि राउटरची गाठच पडत नव्हती. पण का, ते कळेना.

कळलं ते घरात कुणी नव्हतं तेव्हा. सगळे चामटोलीला हळदीला गेले होते. प्रोजेक्टचं काम अडलं होतं म्हणून मी एकटी मागे राहिले. लाइट गेली तशी घरच्या रीतीनं मीच सगळी बटणं पाडली. लाइट आली, मी बोर्डापाशी गेले आणि घाईत सगळ्यात आधी वरच्या मजल्याचं बटण चालू केलं, मग खालची. वर जाऊन प्रिंट दिली. खालून खरखर आवाज आला. धावत खाली आले, तर कागद बाहेर पडत होता.

इथे आमच्या घराची रीत सांगायला हवी. मागे एकदा लाइट येताना झटका बसून टीव्ही जळला. तेव्हापासून लाइट गेली की सासरे बोर्डावरची सगळी बटणं पाडतात. लाइट आली की स्वतःच्या हातानं एकेक चालू करतात. पहिलं देवाचं. देव्हाऱ्यातला बल्ब लागला की सगळ्यांनी हात जोडायचे. मग हॉल आणि टीव्ही, मग पुढची खोली, धंद्याची म्हणून. मग स्वयंपाकघर. तिथे ते चहा मागतात, बसून पितात आणि मग शेवटी उठून वरच्या मजल्याचं बटण लावतात. तोवर खालचा प्रिंटर उठून राउटर शोधतो, आणि राउटर वर अंधारात. सापडला नाही की प्रिंटर आपलाच काहीतरी नंबर धरून बसतो. बिचाऱ्याचा काय दोष?

मी सासूबाईंना स्वयंपाकघरात सांगितलं. त्यांनी भाकरी थापायची थांबवली नाही. म्हणाल्या, "मंग लाइट आली का गुपचूप खाली जा, मशीन बंद कर, चालू कर. कुनाला सांगतेस कशाला? मी जल्मभर असंच निभावलं."

त्यांचं खरं होतं. तेवढं केलं तरी भागलं असतं. पण मी का म्हणून माझ्याच दुकानात चोरासारखी जाऊ? आज प्रिंटरसाठी गुपचूप, उद्या गिऱ्हाइकासाठी गुपचूप, मग माझ्या लेकीच्या शिक्षणासाठी गुपचूप. मला नाही जमणार. मी सरळ सासऱ्यांकडे गेले आणि म्हटलं, "बाबा, वरचं बटण पहिलं लावा, मशीन चालेल."

"देवाच्या आदी?" ते टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले. "ह्या घरात नाय."

अक्षय तृतीयेला ऑफिसात पाहुणे, पेढे, झेंडूच्या माळा. कमळाबाई पण आल्या होत्या, आमच्या आळीतल्या. त्यांच्या पोरीचा बायोडेटा माझ्याकडे होता आणि संध्याकाळी तिला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून त्या दाराशी ठाण मांडून बसल्या. ऐन दुपारी लाइट गेली. सासऱ्यांनी बटणं पाडली. कल्पेश माझ्याकडे बघून हसला. हस बाबा, म्हटलं.

समोरच्या दुकानात बल्ब लागला तसे सासरे उठले. मी आधीच बोर्डापुढे उभी होते.

"बाजूला हो गो."

"आज वरचं पहिलं, बाबा."

कल्पेश पुढे आला. "वहिनी, लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा नाही, भाऊजी. धंदा करतेय. तुमच्यासारखाच."

मी वरचं बटण चालू केलं. जिन्यातला बल्ब लागला. मग बोर्डावर हात ठेवून तशीच उभी राहिले, राउटरला जागं व्हायला वेळ लागतो. सासऱ्यांचा आवाज कापत होता. "देवाला अंधारात ठेवतेस?"

"देव थांबेल थोडा. तो माझ्यावर रागावणार नाही. मी मात्र रोज शेवटी थांबणार नाही."

मी बोर्डावरचा हात काढला नाही. मग देवाचं बटण लावलं, हात जोडले, मनापासून जोडले. मग बाकीची लावली आणि सगळ्यांच्या मधून वर गेले. प्रिंट दिली आणि कान देऊन बसले. खालून कमळाबाईंचा आवाज आला, "आली गो, आली. फोटो पन झ्याक आलाय."

रात्री कुणी माझ्याशी बोललं नाही. मशीन विकायचंही कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी लोडशेडिंग संपलं तेव्हा मी मुद्दाम वरच बसले होते. सासरे बोर्डाकडे जाताना चपलांचा आवाज आला आणि थांबला. मी जिन्यातून वाकून बघितलं. त्यांचं बोट देवाच्या बटणावर होतं. सासूबाई देव्हाऱ्यापुढे नव्हत्या. पदराला पिठाचे हात पुसत त्या जिन्याच्या पायरीपाशी येऊन उभ्या होत्या.

"वरचं लावा आदी," त्या म्हणाल्या. "पोरीचं काम अडलंय."

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. ह्या बाईनं इतक्या वर्षांत त्यांना असं उघड काही सांगितलं नव्हतं. मग त्यांचं बोट सरकलं. माझ्या डोक्यावरचा बल्ब लागला आणि सासूबाईंनी त्यालाच हात जोडले.