वेनोने बसवलेला बेल्ट

आर्व्होच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला झाला होता आणि गाडी डोनाच्या गॅरेजमध्ये न्यायची असं ठरलंही होतं. पण त्याचा मेहुणा वेनो मध्ये पडला. वेनो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता, आणि दुकानात जे जे विकतात ते ते आपल्याला करता येतं अशी त्याची समजूत होती.

"डोनाकडे कशाला? मी काय मेलोय?" तो म्हणाला. "एका शनिवारचं तर काम."

त्या कामात वसंतातले सगळे शनिवार गेले. मी शेजारीच राहतो, त्यामुळे कुंपणावरून मला सगळं ऐकू यायचं. नव्या बेल्टच्या खोक्यावर छापलं होतं, की बेल्ट ज्या छोट्या पुलीवरून फिरतो तीही सोबत बदलावी. वेनोने जुनी पुली बोटाने फिरवून पाहिली.

"फिरतेय की! हिला काय धाड भरलीय?"

"मग राहू दे," आर्व्हो म्हणाला.

शेवटी बेल्टवरचं प्लास्टिकचं झाकण लावायची वेळ आली, तर त्याचे बोल्ट सापडेनात. गवतात शोधले, कुत्र्याच्या तोंडात शोधले. मग वेनोने जाहीर केलं, "झाकण नुसतं शोभेला असतं. उघडाच बरा, बेल्टला हवा लागेल."

गाडी सुरू झाली हे खरं. पण ती किंचाळायला लागली. डुकराचं पिल्लू दारात चेंगरावं तसा आवाज. आर्व्होची बायको एल्सी चौकातून जाताना सीटवरून खाली घसरून बसायची. रविवारी आमचे पाद्री प्रार्थनेला हात जोडून थांबायचे आणि म्हणायचे, "आर्व्हो पोचू दे, मग डोळे मिटू."

प्रार्थना संपली की आर्व्हो चर्चच्या अंगणात बॉनेट उघडायचा. गावातले सगळे पुरुष गोळा व्हायचे, कान लावून ऐकायचे, आणि मग बॉनेट तसंच उघडं टाकून चर्चच्या तळघरात कॉफी प्यायला आणि भांडायला जायचे. गंमत म्हणजे कॉफीनंतर घरी जाताना गाडी अगदी गप्प असायची. बुधवारच्या सुमाराला किंचाळणं पुन्हा सुरू.

"बेल्ट रुळतोय," वेनो सांगायचा. "नवा बूट रुळतो तसा."

आर्व्हो मात्र गाडी गप्प होण्याचं श्रेय प्रवचनाला द्यायचा.

जूनमध्ये आम्ही तळ्यापलीकडे होळीला निघालो. आमच्याकडे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी तळ्याकाठी होळी पेटवतात. पुढे आर्व्हो आणि एल्सी, मागे वेनो, मी आणि मध्ये मम्मू, म्हणजे एल्सी आणि वेनोची आई. तिला सगळं गाव मम्मूच म्हणतं. माझ्या मांडीवर मासळीच्या सुपाचं पातेलं होतं.

उचलपुलाच्या बरोबर मध्यावर गाडी बंद पडली. ना धडाम, ना धूर. रेडिओवर मात्र गाणं चालूच. आर्व्होने चावी फिरवली, इंजिन नुसतंच भिरभिरलं. तेवढ्यात भोंगा वाजला. खाली एक उंच शिडाची होडी पूल उचलायची वाट बघत होती.

"निळी गाडी, पुढे चला," पूल उचलणारा माणूस वरच्या खोलीतून कर्ण्यावर म्हणाला. मग जरा थांबून, "आर्व्हो, तुलाच सांगतोय."

आर्व्होने खिडकीतून हात हलवला.

"हात काय हलवतोस! उतर आणि ढकल!" एल्सी ओरडली. तिच्या अंगात आम्हा तिन्ही पुरुषांपेक्षा जास्त जोर होता, तेव्हा तिला ढकलायला घेणं भागच होतं. पातेलं सीटवर ठेवून मीही उतरलो. आता स्टिअरिंग कोण धरणार? राहिली होती मम्मू. तिने जन्मात गाडी चालवली नव्हती. ती पुढे सरकली, पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी चाक पकडलं. उभा जन्म गाईंचं दूध काढण्यात गेलेले हात ते. चाक जरासुद्धा हललं नाही.

"जोर लावा रे! जेवला नाहीत का?" ती काच खाली करून ओरडू लागली.

पुलाच्या शेवटी उतार आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात नव्हतं. गाडी आमच्या हातांतून सुटली. मम्मू पुढे आणि आम्ही चौघं मागे धावतोय.

"आई, ब्रेक! ब्रेक!" वेनो बोंबलत होता.

गाडी गळाला लावायचे किडे विकणाऱ्या दुकानासमोर गवतात जाऊन थांबली. आम्ही धापा टाकत पोचलो, तेव्हा मम्मू मागे वळून सूप सांडलंय का ते बघत होती.

"ब्रेक कुठला ते कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "मग मी सगळेच दाबले."

दुसऱ्या दिवशी डोनाने आमच्यासमोर इंजिन उघडलं. मम्मूही हट्टाने आली होती. बेल्टचे दात गळून पडले होते आणि उरलेलं रबर दुधात भिजलेल्या पावासारखं फुगलं होतं.

"बेल्टच खोटा निघाला," वेनो लगेच म्हणाला. "कंपनी चोर आहे."

"बेल्ट चांगला होता," डोना म्हणाली. "तेलात पोहलाय हा."

"म्हणजे इंजिन गळतंय! मग त्यात माझा काय दोष?"

"इंजिन आतून कोरडं आहे. तेल वरून पडलंय." डोनाने बोट हुंगलं. "आणि हे गाडीचं तेल नाही. शिलाई मशीनचं आहे."

एल्सी सावकाश आईकडे वळली. मम्मूने पर्स पोटाशी धरली.

"आई, पर्स उघड."

"गाडी किंचाळायची थांबायची की नाही?" मम्मू म्हणाली. "रविवारी तुम्ही सगळे खाली तळघरात भांडत बसायचात. माझं मशीन करकरलं की मी तेल घालते, ते अजून चालतंय."

"बघा!" वेनो अक्षरशः नाचला. "आईने केलं! आणि सगळं गाव मला बोलत होतं!"

डोनाने ती छोटी पुली काढून त्याच्या कानाशी फिरवली. तेच डुकराचं पिल्लू.

"ही किंचाळत होती. आणि झाकण असतं तर मम्मू तेल ओतणार कुठे होती?"

वेनो एकदम टायर बघू लागला.

"मी याला तेव्हाच सांगत होतो," आर्व्हो म्हणाला.

"तू 'राहू दे' म्हणालास," एल्सी म्हणाली. "स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती."

नशीब इतकंच, की ते इंजिन बेल्ट गेल्यावर नुसतं थांबणाऱ्यातलं होतं. दुसऱ्या एखाद्या गाडीचे व्हॉल्व्ह वाकले असते, असं डोना म्हणाली. तिने बेल्ट, पुली, झाकण सगळं नवं बसवलं, आणि बोल्ट घट्ट करताना वेनोला लांब उभं केलं.

पण मम्मूच्या डोक्यातून तो उतार जाईना. आठवडाभराने तिने आर्व्होकडे चावी मागितली. आर्व्होला वाटलं, थट्टा करतेय.

"पूल मी पार केला," ती म्हणाली. "तुम्ही नुसते मागून धावत होतात."

एल्सीने शिकवायचं काम वेनोवर टाकलं, शिक्षा म्हणून. पूर्ण उन्हाळा चर्चच्या अंगणात तो डॅशबोर्ड धरून बसलेला दिसायचा. पहिल्या बर्फाच्या आधी मम्मूला लायसन्स मिळालं. वेनोने हल्ली स्वतःच्या गाडीचे ब्रेक काढून ठेवलेत, एका शनिवारचं काम म्हणून. त्यामुळे रोज सकाळी मम्मूच त्याला दुकानात सोडते, आणि बोलायला लागला तर मागच्या सीटवर बसवते.